छत्रीवाल्याचं धुकं

४ फेब्रुवारी १९९७, मंगळवार

आज डबे आले. सात. कुणाच्या तरी माळ्यावर पडून होते. साहेबांनी नाकाला रुमाल लावून ते माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "ताई, तुमचं हे शेवटचं काम. तुम्ही जुलैत नोकरीतून सुटणार, त्याआधी हे सुटायला हवं." आमच्या चित्रपट संग्रहालयाचे प्रमुख आहेत, बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बाकी फिल्मचं रीळ आणि भाजीच्या पातेल्याचं झाकण त्यांना लांबून सारखंच दिसतं.

मुका सिनेमा आहे, पासष्ट वर्षांपूर्वीचा. रक्त पिणाऱ्या माणसाचा. मजकुराच्या पाट्या कधीच गळून गेल्यात, आणि जगात दुसरी प्रत नाही. फिल्म आतून कुजत चालली आहे, डबा उघडला की आंबूस वास येतो. असली फिल्म यंत्रातून एकदाच जाते. त्या एका खेपेत नवी प्रत निघाली तर निघाली. आक्रसलेली फिल्म घेणारं यंत्र एकाच लॅबमध्ये उरलंय आणि तेही मोडीत निघतंय. आम्हाला २८ तारीख मिळाली आहे.

तोवर मी फाटलेलं जोडायचं आणि प्रत काढताना कोणत्या शॉटला किती प्रकाश द्यायचा त्याचे आकडे लिहून द्यायचे. आकडा चुकला तर चूक कायमची. म्हणजे आता डोळ्यांत तेल घालून बसायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली दोन रिळं पाहिली आणि चहा घ्यायचा विसरले. असा सिनेमा मी पाहिला नव्हता.

भर उन्हात, रिकाम्या रस्त्यावरून एक सभ्य, गुबगुबीत गृहस्थ छत्री उघडून चाललाय. पाऊस नाही. त्याच्या शेजारून जो जातो त्याला जांभई येते. दूधवाला कॅन खाली ठेवून तिथेच पायरीवर बसतो. एक बाई दाराला टेकते. छत्रीवाला कुणाकडे बघतसुद्धा नाही. दात दाखवत नाही, चावत नाही, काही नाही. मग एका घरात डॉक्टर आजारी मुलीची नाडी बघतो, नंतर स्वतःची बघतो, नंतर टेबलाच्या पायाची बघतो आणि मान हलवतो. मी हसले. हसून झाल्यावर मानेवर काटा आला, तो का ते मला सांगता येणार नाही.

आणि ती मुलगी जिना उतरते, उतरते, आणि वरच्या मजल्यावर पोचते. हे त्यांनी कसं केलं असेल? दोन जिने? मधला जोड मला सापडला नाही. मला. सापडला नाही म्हणजे काय.

यांना सांगितलं तर म्हणाले, "कुणाचं स्वप्न कधी जोडून बघितलंयस का?" आमचे हे प्रूफं तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले. चुका काढायची सवय गेलेली नाही, पण मधूनच असं काहीतरी बोलतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

फिल्मवर धुकं आहे. सगळीकडे. पांढुरका पातळ थर, कडेपासून मधोमध. मला वाटलं बुरशी. मऊ कापड, औषध, हळूहळू एकेक हात. तीन वेळा पुसली. ढिम्म. तिसऱ्यांदा पुसताना साहेब येऊन उभे राहिले. "ताई, आता काय भोक पाडता का?" म्हणाले.

फिल्म ठेवतो त्या काचेच्या टेबलाखालचा दिवाही मंद झालाय. बदलायला सांगितला. बदलणारा म्हणतो, परवाच बदललाय. हल्ली दिवेसुद्धा काही धड बनवत नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

यांच्याशी वाजलं. कारण अगदीच फुसकं. वाण्याची यादी मी लिहिली होती, ती हातात धरून म्हणाले, "अगं, तुझं अक्षर हल्ली केवढं मोठं झालंय. सहा वस्तूंना दोन कागद?" म्हटलं, कागद स्वस्त झालाय. मग म्हणाले, "डोळे दाखवून ये एकदा." चौतीस वर्षं डोळ्यांवर भाकरी कमावतेय, आणि हे मला डोळे दाखवायला सांगतात.

येताना रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती खळं होतं, चंद्राला पडतं तसं. हवा फार खराब झाली आहे. पेपरवाले शाईत पाणी घालतात, तेही एक.

जेवताना यांनी भाजी पुढे सरकवली आणि हळूच म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ठरवलं. पुसून जात नाही तर प्रकाश वाढवून धुकं कापायचं. काळं काळं दिसलं पाहिजे, चेहरा चेहरा दिसला पाहिजे. चारशे बारा शॉट आहेत, दीडशेंचे आकडे लिहून झाले. हात भरून आला पण समाधान वाटलं.

छत्रीवाल्याची सवय लागलीय. आज सहाव्या रिळात सहा माणसं जेवायला बसली आहेत, ताटं रिकामी, सगळे मनापासून चावताहेत. कुणालाच काही वावगं वाटत नाही. हे सिनेमात भयंकर वाटतं, आणि घरोघरी असंच चालतं की.

साहेबांनी एक चांगलं काम केलं. त्या आजारी मुलीचं काम केलेली बाई हयात आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि त्यांनी तिला शोधून काढलं. गुरुवारी येणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाई आल्या. ताठ, काठी नुसती शोभेला. माझ्या टेबलाशी बसल्या, भिंगाला डोळा लावला. मग म्हणाल्या, "बघ, किती बारीक होते मी."

मी प्रश्नांची सरबत्ती केली. छत्री का? तर त्या गृहस्थांची कातडी नाजूक, उन्हात भाजायची. रात्रीचं चित्रण परवडत नव्हतं, सगळी रात्र दिवसा काढलेली. दिग्दर्शकाला छत्री आवडली, ठेवून दिली. गोष्ट काय होती? "आम्हाला कुठे माहीत होती, पोरी. रोज सकाळी तो यायचा आणि आज काय स्वप्न पडलं ते सांगायचा. आम्ही करायचो." मला पोरी म्हणाल्या. सत्तावन्न वर्षांची पोरगी.

आणि जिना? "जिन्यावर मी नाहीच. मला चक्कर यायची. ती माझी धाकटी बहीण. माझाच झगा घालून पाठमोरी उतरायची." एका जिन्यावर ती खाली जायची, तोवर हे लोक कॅमेरा उचलून शेजारच्या घरी वरच्या मजल्यावर न्यायचे. इतकं सोपं. मी दोन आठवडे जोड शोधत होते.

मग धुक्याचं विचारलं. बाई हसल्या. "ते धुकं नाही गं. कॅमेरावाल्याने भिंगावर मलमल ताणली होती. तिच्यासाठी दिग्दर्शक आणि तो किती भांडले. सगळं स्वप्नासारखं दिसायला हवं होतं ना."

मलमल! म्हणजे जे धुकं कापायला मी निघाले होते, ते त्यांनी जीव टाकून घातलं होतं. दीडशे आकडे पाण्यात. पण खरं सांगू, मला आनंदच झाला. धुकं फिल्ममध्ये आहे. म्हणजे माझ्या डोळ्यांत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल घरी येऊन यांना मलमलीचं सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. "आता काय म्हणणं आहे तुमचं?" म्हटलं. हे म्हणाले, "माझं काहीच नाही." आणि सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती, पण बराच वेळ माझी खटपट चालली होती खरी.

दीडशे आकडे खोडले. आता सगळीकडे धुकं राखून नवे लिहितेय. लॅबच्या दारात साहेबांना नमस्कार केला, तर तो लॅबचा पहारेकरी निघाला. त्यांनी सारखेच कोट घातले तर मी काय करू.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाई परत आल्या होत्या. पुढची रिळं बघायची हौस. मी पाचवं लावलं, छत्रीवाल्याच्या घरातला प्रसंग. म्हटलं, "इथे मलमल जरा जास्तच दाट आहे, नाही?"

बाई म्हणाल्या, "इथे कुठली मलमल? चौथ्या रिळापर्यंतच होती. कॅमेरावाल्याच्या बायकोने ती काढून नेली, तिला बाळाचं टोपरं शिवायचं होतं. दिग्दर्शक आठवडाभर जेवला नाही. हे बघ की, किती लख्ख आहे. भिंतीवरची खिळ्याची भोकं मोजून घे."

मी भिंगातून पाहिलं. धुकं होतं. चौथ्या रिळात होतं तेवढंच. मी भिंग पुसलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. भिंत नव्हती, नुसतं दूध होतं.

"हो," मी म्हणाले, "लख्ख आहे." आणि रीळ गुंडाळायला घेतलं. बाईंनी काठी उचलली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

मग स्वच्छतागृहात जाऊन मी एक डोळा झाकून आरसा पाहिला, मग दुसरा. मला माझं नाक दिसलं. बाकी मी नव्हते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

यांना म्हटलं, चला. कुठे ते विचारलं नाही त्यांनी, चपला घातल्या.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. डॉक्टरीण म्हणाली, "इतके दिवस काम कशा करत होता?" सवयीने, म्हटलं. शस्त्रक्रिया मार्चमध्ये. नीट दिसायला एप्रिल.

तारीख अठ्ठावीस आहे.

गप्प बसले तर कुणाला ताकास तूर लागणार नाही. अंदाजाने आकडे लिहीन, साहेबांना काही कळायचं नाही, लॅबवाले लिहिलंय तेवढा प्रकाश देतात. प्रत निघेल, टाळ्या पडतील, जुलैत मला शाल मिळेल. आणि तो सिनेमा कायमचा जाईल, माझ्यामुळे. सांगितलं तर काम हातून जाईल, आणि चौतीस वर्षांचं नाव एका वाक्यात. मला फार भीती वाटतेय. हे शेजारी बसून पेपर मोठ्याने वाचताहेत, मला ऐकू यावं म्हणून. किती दिवस वाचताहेत, आज लक्षात आलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. साहेब खुर्चीतच बसले होते, तरी परत बसल्यासारखे झाले. दुसरा कोणी आकडे लिहिणारा नाही, ती जागा सहा वर्षं रिकामी आहे. "ताई, मी बघून सांगू?" म्हणाले बिचारे. एक शॉट दाखवला. म्हणाले, "चांगला आहे." म्हटलं, राहू द्या.

तेव्हा मीच बाईंना फोन केला. त्यांचे डोळे दहा वर्षांपूर्वी नीट झालेत आणि त्यांना खिळ्यांची भोकं दिसतात. त्यांनी बघायचं, सांगायचं. मी आकडा लावायचा. पण करडा म्हणजे किती करडा, हे कसं सांगणार? आमच्या भाषेत त्याला आकडे असतात, त्यांच्याकडे नाहीत. तासभर वाद झाला. शेवटी आम्ही पातेल्यांवर आलो. नवीन पातेलं, घासलेलं पातेलं, करपलेलं पातेलं. मग पाटी: कोरडी, ओली, घाईत पुसलेली. मग चुलीतली राख, चाळलेली आणि न चाळलेली. प्रत्येकाला मी एक आकडा ठरवला. यादी यांनी लिहून दिली, सुबक अक्षरात, एकही चूक नाही. "घाईत पुसलेली पाटी: एकवीस." मी आयुष्यात इतकं अचूक काम केलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत पाच रिळं झाली. मला काही दिसत नव्हतं आणि सिनेमा मात्र मला कधी नव्हे इतका कळत होता. बाई सांगायच्या, "छत्रीवाला छत्री मिटतो. छत्री करपलेलं पातेलं, हात चाळलेली राख. मुलगी झोपते." मी डोळे मिटूनच ऐकत होते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

संपलं. सहावं दुपारी, सातवं चारच्या सुमारास. शेवटी जिन्याचा लांबलचक शॉट.

"पाठमोरी मुलगी," बाई म्हणाल्या. "उतरतेय. कठडा ओली पाटी. झगा नवीन पातेलं."

"मग?"

काही नाही. मला वाटलं रीळ अडकलं. हात लावला तर नीट होतं. बाईंनी नाक शिंकरलं. आमच्या खोलीत गारवा फार, फिल्मसाठी ठेवावाच लागतो. "सर्दी झाली बघ," म्हणाल्या.

"पुढे काय दिसतंय?"

"धुकं आहे," म्हणाल्या. "दाट आहे."

"पण मलमल तर चौथ्यापर्यंतच होती ना?"

"आहे म्हटलं ना."

मागून आणली असेल परत. टोपरं शिवून उरलीही असेल. मी धुक्याचा आकडा लिहिला आणि वही मिटली. बाई चहा न घेताच गेल्या. दमल्या असतील, चौऱ्याऐंशी म्हणजे काही थोडं वय नाही.

१ मार्च, शनिवार

प्रत निघाली. सातवं रीळ यंत्रातून बाहेर आलं ते चुरा होऊनच. लॅबवाल्याने झाडूने गोळा केलं म्हणे. साहेब फोनवर सांगत होते आणि त्यांचा आवाज बसला होता. मला वाटायचं त्यांना काही कळत नाही.

२६ मार्च, बुधवार

डाव्या डोळ्याची पट्टी आज निघाली. उजवा गेल्याच आठवड्यात झालाय.

डॉक्टरणीने विचारलं, समोर कोण? हे उभे होते. किती वाळलेत. गळ्याशी शर्ट सैल झालाय, भुवया पांढऱ्या, हनुवटीवर दाढी करताना सुटलेले चार केस. हे सगळं कधी झालं? मी म्हटलं, "दाढी नीट करत जा." हे म्हणाले, "दिसायला लागलं वाटतं." आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

११ एप्रिल, शुक्रवार

आज आमच्याच छोट्या खोलीत नवी प्रत लावली. साहेब, हे, बाई आणि मी.

काय सांगू. पहिल्या चार रिळांत सगळं मलमलीतून, जांभया देणारा तो रस्ता, ती छत्री, जणू कुणी काचेवर श्वास सोडून पलीकडे बघतंय. आणि पाचव्यात एकदम लख्ख. खिळ्यांची भोकं सात आहेत. मी मोजली. स्वप्नातसुद्धा मध्येच एखादी गोष्ट अशी नको इतकी स्पष्ट दिसते, तसंच झालं. यांनी माझा हात धरून ठेवला होता, साहेबांसमोर, या वयात.

मग शेवटचा जिना. कठडा स्वच्छ. झगा स्वच्छ. मुलगी उतरता उतरता थांबते आणि कॅमेऱ्याकडे वळते, आणि तिचा चेहरा पांढरा होऊन विरून जातो.

ती मलमल नव्हती. मलमलीने कठडाही विरला असता. कापड नव्हतंच तिथे, आकडा चुकला होता; चुकीच्या प्रकाशात सगळ्यात उजळ असतं तेच आधी जळतं, आणि इथे तो तिचा चेहरा होता. दिवे लागले, साहेब म्हणाले, "वा, शेवट काय गूढ केलाय."

"गूढ नाही," मी म्हटलं. "चूक आहे. माझा आकडा."

"तुझा नाही," बाई म्हणाल्या. "मी चुकीचं सांगितलं. ती वळली गं. तिला वळ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, मी कॅमेऱ्यामागे उभी होते, माझ्याकडे बघून हसली. त्याच थंडीत तापाने गेली. घरात तिचा एकसुद्धा फोटो नाही. पासष्ट वर्षांनी तोंड दिसलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. तू विचारत होतीस आणि मला नुसतं पाणी दिसत होतं. आणि मी ते तुला सांगितलं." काठी हातातून खाली पडली तरी त्यांनी उचलली नाही. "आता त्या रिळाचा चुरा झाला ना?"

झाला होता. साहेब खाली बघत होते.

मी तेवढा शॉट परत लावला. पडद्याला नाक लागेल इतकी जवळ जाऊन उभी राहिले. नवे डोळे, नव्या चष्म्याचा आकडा अजून यायचा आहे, पण पांढऱ्यातला पांढरा मला आयुष्यभर ओळखता आला आहे. साहेबांना यंत्र हळू करायला सांगितलं. ती वळली.

"कपाळ चाळलेली राख," मी म्हटलं. "भुवया आहेत. डावी जरा वर."

बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"गाल गेलेत. ओठ आहेत, नवीन पातेलं आणि घासलेलं पातेलं यांच्या मधलं काहीतरी. हसतेय." साहेबांनी यंत्र आणखी हळू केलं. "बाई, तिचा पुढचा एक दात तिरका होता का?"

"डावीकडचा," बाई म्हणाल्या. "जिन्यावरूनच पडली होती, लहानपणी. आई तिला त्यावरून फार चिडवायची."

"मग दिसतोय."

"हात दे जरा मला," त्या यांना म्हणाल्या. यांनी त्यांना धरून उभं केलं आणि पडद्यापर्यंत आणलं. मी बोट ठेवून दाखवलं. रीळ संपून पांढरा पडदा आला तरी आम्ही तिथेच उभे होतो.

"परत लाव," बाई म्हणाल्या.